रेसिफेला जाताना : भरती-ओहोटी पाहून आखायचा प्रवास

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील पर्नाम्बुको राज्याची राजधानी असलेल्या रेसिफे शहराला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाने हॉटेल आणि विमान ठरवण्याआधी एक कागद समोर ठेवावा, तो म्हणजे रेसिफे बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक. ब्राझीलचे नौदल ते दरवर्षी प्रसिद्ध करते आणि ते इंटरनेटवर सहज मिळते. या शहराच्या किनाऱ्यासमोर, वाळूला समांतर अशी खडकाची लांबच लांब रांग आहे. ओहोटीला तिचा माथा उघडा पडतो, बाहेरच्या लाटा तिच्यावर आपटून थांबतात आणि आतल्या बाजूला गुडघाभर ते कमरेएवढ्या स्वच्छ, कोमट पाण्याची कुंडे तयार होतात. भरतीला तीच रांग पाण्याखाली जाते, आतला आणि बाहेरचा समुद्र एक होतो आणि मग त्या पाण्यात उतरणे धोक्याचे ठरते. त्यामुळे येथे कोणत्या किनाऱ्यावर जायचे यापेक्षा कोणत्या वेळी जायचे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि तो सोडवला की बाकीचा प्रवास आपोआप मार्गी लागतो.

हा खडक प्रवाळाने रचलेला नसून मूळचा वालुकाश्माचा आहे. वाळूचे कण चुन्याने सांधले जाऊन तो घट्ट झाला आहे आणि त्याच्यावर प्रवाळ, शैवाल व शिंपले वाढले आहेत. १८३६ च्या ऑगस्टमध्ये 'बीगल' जहाजाच्या परतीच्या प्रवासात चार्ल्स डार्विन येथे उतरला होता, आणि बंदराचे रक्षण करणारी ही सरळ रांग त्याला इतकी विलक्षण वाटली की पुढे त्याने तिच्यावर स्वतंत्र टिपण लिहिले. शहराचे बंदरही या खडकाच्या आडोशामुळेच वसले.

तारखा ठरवताना

ऋतूचा विचार आधी करावा. येथील पाऊस आपल्या पावसाळ्याच्या थोडा आधी सुरू होतो. एप्रिल ते जुलै हे सर्वाधिक पावसाचे महिने. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत आणि दरडी कोसळून रेसिफे व परिसरात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पर्यटकाच्या दृष्टीने पाहिले तरी या महिन्यांत नद्यांचे गढूळ पाणी समुद्रात येते आणि कुंडांतले मासे दिसत नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ कोरडा, स्वच्छ आणि वाऱ्याचा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत ब्राझीलमधील शाळांना उन्हाळी सुट्टी असते आणि गर्दी व भाडी दोन्ही वाढतात. म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने मला सर्वांत चांगले वाटतात.

महिना ठरला की चंद्र पाहावा. कोकणातल्या वाचकाला उधाण आणि भांग हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच की अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि त्याच दिवसांत ओहोटीही सर्वांत खोल जाते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही. रेसिफेला उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पाणी कोष्टकात ० ते ०.३ मीटरपर्यंत उतरते आणि त्याच दिवशीची भरती २ मीटरच्या वर जाते. भांगाच्या दिवसांत ओहोटीसुद्धा ०.७ मीटरच्या आसपास अडकून राहते आणि खडक नीट उघडा पडत नाही. दुसरी महत्त्वाची गोष्ट वेळेची. या बंदरात अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी सकाळी दहा-अकराच्या दरम्यान लागते आणि पुढे रोज सुमारे ५० मिनिटांनी उशिरा येत जाते. म्हणजेच खोल ओहोटी आणि सकाळचे ऊन या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील, तर अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी पोहोचावे आणि त्यानंतरचे तीन-चार दिवस समुद्रासाठी ठेवावेत. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत तारखा शोधता येतात. नेमकी वेळ मात्र कोष्टकातूनच घ्यावी.

कार्निव्हलसाठी जाणाऱ्यांना हा हिशेब फारसा करावा लागत नाही. ईस्टर हा पौर्णिमेनंतरचा रविवार आणि कार्निव्हलचा मंगळवार त्याच्या ४७ दिवस आधी, त्यामुळे कार्निव्हल दरवर्षी अमावस्येच्या आगेमागेच पडतो. गोव्यातला कार्निव्हलही त्याच दिवसांत असतो. रेसिफेत कार्निव्हलच्या शनिवारी सकाळी 'गालो दा मद्रुगादा' ही प्रचंड मिरवणूक मध्यवर्ती भागातून निघते आणि शेजारच्या ओलिंडा गावात माणसाच्या दुप्पट उंचीचे बाहुले नाचवले जातात. मात्र त्या आठवड्यासाठी निवासाची सोय अनेक महिने आधी करावी लागते, आणि शांतपणे समुद्र पाहायचा असेल तर तो आठवडा टाळावा.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर ब्राझीलचा व्हिसा आधी घ्यावा लागतो. मुंबईत ब्राझीलचा महावाणिज्य दूतावास आहे. त्याहून अधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. ब्राझीलहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, ते नसल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते, आणि लस घेतल्यानंतर १० दिवसांनीच प्रमाणपत्र ग्राह्य होते. ही लस सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तेथे भेटीची वेळ आधी घ्यावी लागते, म्हणून हे काम तिकीट काढल्याच्या आठवड्यातच उरकावे. एकदा घेतलेल्या लसीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते.

भारतातून थेट विमान नाही. बहुतेक प्रवासी लिस्बनमार्गे किंवा साव पावलोमार्गे जातात. रेसिफेची वेळ भारताच्या साडेआठ तास मागे आहे. तेथील वीज २२० व्होल्टची असल्याने आपली उपकरणे चालतात. पैशांच्या बाबतीत, स्थानिक लोक 'पिक्स' नावाची, आपल्या यूपीआयसारखी सोय सर्रास वापरतात, परंतु तिला ब्राझीलमधील खाते लागते. परदेशी माणसाने कार्ड आणि थोडी रोकड ठेवावी. किनाऱ्यावर शहाळे विकणाऱ्याकडेही बहुधा कार्डाचे यंत्र असते.

निवासासाठी नवख्या माणसाने बोआ व्हियाजेम हाच भाग निवडावा. विमानतळापासून तो तीन-चार किलोमीटरवर आहे, हॉटेले आणि दुकाने पुष्कळ आहेत, आणि समुद्र समोरच असल्याने ओहोटीची वेळ गाठणे सोपे जाते. हॉटेल ठरवताना ते बोआ व्हियाजेम चौकाच्या आसपास आहे का, हे नकाशावर पाहावे; त्याचे कारण पुढे येतेच.

बोआ व्हियाजेम : कोठे उतरावे आणि कोठे उतरू नये

हा किनारा सुमारे ७ किलोमीटर लांब आहे. उत्तरेला तो पिना या भागाला मिळतो आणि दक्षिणेला जाबोआताव दोस गुआरारापेस या शेजारच्या नगरपालिकेतील पिएदादे व कांदेयास या किनाऱ्यांना. वाळू एकसंध दिसते, परंतु समोरचा खडक एकसंध नाही. काही ठिकाणी तो वाळूच्या अगदी जवळ आणि उंच आहे, काही ठिकाणी त्यात मोठ्या फटी आहेत आणि काही ठिकाणी तो नाहीच. पोहण्याजोगी कुंडे मिळतात ती मुख्यतः बोआ व्हियाजेम चौकाजवळच्या पट्ट्यात.

किनाऱ्यावर पाऊल ठेवताच शार्कचे चित्र असलेले इशाऱ्याचे फलक दिसतात. ते शोभेसाठी लावलेले नाहीत. १९९२ पासून पर्नाम्बुकोमध्ये शार्कच्या हल्ल्यांच्या ७० हून अधिक घटना नोंदल्या गेल्या, त्यांतील २५ च्या आसपास माणसे दगावली, आणि यांतील बहुतेक घटना रेसिफे व जाबोआतावच्या याच किनारपट्टीवर घडल्या. २०२३ च्या मार्चमध्ये पिएदादेच्या किनाऱ्यावर सलग दोन दिवशी दोन किशोरवयीन मुले जखमी झाली. येथे आढळणाऱ्या शार्कपैकी बुल शार्क आणि टायगर शार्क या दोन जाती माणसाला धोकादायक आहेत. १९९२ पूर्वी अशी परिस्थिती नव्हती, आणि अभ्यासक तिची अनेक कारणे सांगतात. दक्षिणेकडील सुआपे येथे मोठे बंदर उभारताना खारफुटीची जंगले तोडली गेली, नदीमुखे बुजवली गेली आणि शार्कच्या प्रजननाच्या जागा नाहीशा झाल्या. जहाजांची वर्दळ वाढली. नद्यांतून सांडपाणी आणि कचरा समुद्रात येऊ लागला. आणि या पट्ट्यात वाळूपासून थोड्याच अंतरावर किनाऱ्याला समांतर अशी खोल घळ असल्यामुळे मोठे मासे अगदी जवळ येऊ शकतात. ज्या प्राण्याचे घर माणसाने मोडले, तो भक्ष्य शोधत शहरासमोर आला, असे मला हे सगळे वाचताना वाटत राहते. त्यामुळे शार्कविषयी रागाने बोलणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

व्यवहारात पाळायचे नियम साधे आहेत आणि ते न मोडता येथे मनसोक्त डुंबता येते. कोष्टकातील ओहोटीच्या वेळेआधी सुमारे दीड तास पाण्यात उतरावे आणि ओहोटीनंतर तासाभराने बाहेर यावे. खडकाचा माथा स्पष्ट उघडा दिसत असेल तेथेच, त्याच्या आतल्या बाजूला, कमरेपेक्षा कमी पाण्यात राहावे. खडक ओलांडून पलीकडे जाऊ नये, मग पलीकडचे पाणी कितीही शांत दिसो. पहाटे, संध्याकाळी, पावसानंतर पाणी गढूळ असताना, अंगावर रक्त येणारी जखम असताना किंवा मद्य घेतल्यावर पाण्यात जाऊ नये. एकट्याने जाऊ नये आणि चमकणारे दागिने अंगावर ठेवू नयेत. मंगळसूत्र किंवा साखळी खोलीवरच ठेवलेली बरी, आणि ती केवळ शार्कमुळे नव्हे. पिएदादेतील लहान चर्चसमोरच्या पट्ट्यात खडकाचा आडोसा नाही आणि सर्वाधिक घटना तेथेच घडल्या आहेत. त्या भागात पोहण्यास बंदी आहे आणि ती बंदी अक्षरशः पाळावी. या सबंध पट्ट्यात १९९९ पासून सर्फिंगलाही मनाई आहे. कोठे शंका वाटली तर अग्निशमन दलाच्या जीवरक्षकाला विचारावे. भाषा आली नाही तरी समुद्राकडे बोट दाखवल्यावर तो हाताने हो किंवा नाही स्पष्ट सांगतो. संकटात अग्निशमन दलासाठी १९३, रुग्णवाहिकेसाठी १९२ आणि पोलिसांसाठी १९० हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

या किनाऱ्यावरचा दिवस लवकर सुरू होतो. सूर्य पाचच्या सुमारास उगवतो, साडेपाचला रस्त्यालगतचा पदपथ चालणाऱ्यांनी भरलेला असतो, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे आणि त्याच्या मागे उंच इमारतींची सलग रांग उभी आहे, त्यामुळे दुपार कलली की इमारतींच्या सावल्या वाळूवर पसरतात. ऊन हवे असणाऱ्यांना ते खटकते, पण ज्यांच्यासोबत लहान मुले किंवा वयस्क माणसे आहेत त्यांना दुपारी तीननंतर वाळूवर निवांत बसायला तीच सावली उपयोगी पडते. छत्री आणि खुर्ची विक्रेत्यांकडून भाड्याने मिळते; खाण्यापिण्याचे काही मागवले तर ते भाडे माफ होते की नाही, हे बसण्याआधी विचारून घ्यावे.

भरतीची वेळ जुन्या शहरासाठी

उधाणाच्या दिवसांत दुपारी चार-साडेचारला भरती पूर्ण असते, म्हणून जेवणानंतरची वेळ जुन्या शहराला द्यावी. बंदरालगतच्या बेटावरील 'रेसिफे आंतिगो' या भागात 'मार्को झेरो' हा मोकळा चौक आहे. त्याच्या समोर, खडकाच्या रांगेवरच, फ्रान्सिस्को ब्रेनांद या शिल्पकाराच्या कलाकृती उभ्या आहेत आणि लहान होडीने तेथे जाता येते. सकाळी ज्या खडकाच्या आडोशाला पोहलो, त्याच खडकाने शहराचे बंदर कसे घडवले हे येथून नीट दिसते. १६३० ते १६५४ या काळात येथे डचांची सत्ता होती, आणि १६३७ ते १६४४ या काळातील गव्हर्नर योहान मॉरिट्स याने दलदलीच्या बेटांवर पूल आणि रस्ते बांधून नगर वसवले. डच राजवटीत ज्यूंना उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले. त्या वेळी 'रुआ दो बोम जेझूस' या रस्त्यावर उभे राहिलेले प्रार्थनामंदिर अमेरिका खंडांतील पहिले मानले जाते आणि ते आज संग्रहालय म्हणून पाहता येते. जवळच 'पासो दो फ्रेवो' हे फ्रेवो नृत्य-संगीताचे संग्रहालय आहे. रंगीत छोटी छत्री हातात घेऊन अतिशय वेगाने नाचल्या जाणाऱ्या या नृत्याला २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

रविवारी या भागात वर्दळ आणि रस्त्यावरचे खेळ असतात, म्हणून पहिली भेट रविवारी ठेवावी. शेजारच्या सांतो आंतोनियो आणि साव जोझे या व्यापारी पेठा मात्र दुकाने उघडी असतानाच पाहाव्यात. अंधार पडल्यावर तेथे पायी फिरू नये, आणि मोबाइल हातात धरून रस्त्याने चालण्याची सवय सोडावी. संध्याकाळी अॅपवरून मागवलेली टॅक्सी सर्वांत सोयीची.

ओलिंडा हे १५३५ मध्ये वसलेले गाव रेसिफेच्या उत्तरेला लागूनच आहे आणि १९८२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या टेकडीवरून संध्याकाळच्या आधी रेसिफेच्या इमारती आणि समुद्रातील खडकाची रेषा दोन्ही दिसतात. तेथे समुद्रस्नानाचा विचार करू नये. टेकडी चढायला चांगले बूट लागतात.

काय खावे

ओलिंडाच्या टेकडीवरील कॅथेड्रलसमोरच्या चौकात तापिओकाच्या गाड्या ओळीने लागतात. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून बनतो, त्याच कंदाचे ओलसर पांढरे पीठ बाई चाळणीतून गरम तव्यावर पसरते. पाणी किंवा तेल काही न घालता मिनिटभरात त्याचे कण एकमेकांना चिकटून पातळ धिरडे तयार होते, मग त्यावर खवलेले ओले खोबरे आणि भाजलेले 'केजो कोआल्यो' चीज घालून ते दुमडले जाते. शाकाहारी माणसाला याहून चांगली न्याहारी शोधून सापडणार नाही. किनाऱ्यावर हेच चीज काडीला टोचून, हातात धरलेल्या छोट्या डब्यातील निखाऱ्यावर भाजून देणारे विक्रेते फिरत असतात. उकडलेला कंद, मक्याचा वाफवलेला 'कुसकुस', केळे-चीज-दालचिनीचा 'कार्तोला' आणि पेरूच्या गोड गराचे पातळ थर गुंडाळून केलेला 'बोलो दे होलो' केक हेही शाकाहारी पदार्थ. केकमध्ये अंडे असते. घेवड्याच्या कढणात मात्र मांसाचे तुकडे असू शकतात. 'सेम कार्नी' (मांस नको) एवढेच सांगितले तर कोंबडी किंवा मासे वाढले जाण्याची शक्यता असते, म्हणून 'सेम कार्नी, सेम फ्रांगो, सेम पेशी' असे तिन्ही सांगावे.

काजूच्या बोंडाचा ताजा रस अवश्य प्यावा. काजूचे झाड मूळचे याच ईशान्य ब्राझीलचे. पोर्तुगिजांनी ते सोळाव्या शतकात गोव्यात आणले आणि तेथून ते कोकणभर पसरले. उलट, येथील किनाऱ्यावर ओळीने डुलणारा नारळ पोर्तुगिजांनीच हिंदी महासागराच्या बाजूने आणून लावला. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला हा किनारा पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटतो, त्याचे कारण ही झाडांची देवघेव आहे.

पोर्तो दे गालिन्यास

ज्या दिवशी ओहोटी सर्वांत खोल असेल तो दिवस दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या पोर्तो दे गालिन्याससाठी राखावा. येथे खडक वाळूपासून थोड्या अंतरावर आहे आणि त्यातील कुंडांपर्यंत 'जांगादा' या सपाट तळाच्या, त्रिकोणी शिडाच्या होडीतून नेतात. खलाशी उभा राहून लांब वेळूने होडी ढकलत नेतो. फेऱ्या ओहोटीच्या आगेमागेच चालतात, म्हणून कोष्टकातील वेळेआधी दोन तास तरी किनाऱ्यावर हजर राहावे. उशिरा येणाऱ्याला खलाशी घाईघाईने नेऊन परत आणतो आणि पैसे तेवढेच पडतात. एका कुंडाचा आकार ब्राझीलच्या नकाशासारखा आहे आणि तेथे प्रत्येकाला छायाचित्र हवे असते. त्याच्याऐवजी शेजारच्या कुंडात तोंड पाण्यात घालून दहा मिनिटे स्थिर राहावे, म्हणजे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे हाताजवळून फिरू लागतात. त्यांना खायला घालू नये, कोणी विकत दिले तरीही. खडकावर ठरवून दिलेल्या वाटेनेच चालावे, कारण पायाखाली जिवंत प्रवाळ असतो, आणि खाचांत समुद्री साळिंदरे असल्याने रबरी तळाची पादत्राणे घालावीत. पाण्यात पालथे तरंगताना पाठ भाजते आणि ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा हा येथे मलमापेक्षा खात्रीचा उपाय आहे, आणि त्यामुळे क्रीम पाण्यात उतरून प्रवाळाला अपायही होत नाही.

भरती चढली की जवळच्या माराकाईपेला जावे. तेथील नदीमुखाशी खारफुटी अजून टिकून आहे आणि होडीवाले काचेच्या बरणीत क्षणभर समुद्रघोडा घेऊन दाखवतात व पुन्हा सोडतात. त्याला न पकडता पाण्यातच दाखवा असे सांगितलेले मला अधिक योग्य वाटते.

याहून दूरचे किनारे

तामांदारे येथील कार्नेयरोस किनारा रेसिफेपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे; माडांच्या रांगेत, अगदी वाळूवर उभे असलेले छोटे पांढरे चर्च तेथे आहे. एका दिवसात जाऊन येता येते, तरी एक रात्र राहणे चांगले, कारण पर्यटकांच्या बसगाड्या निघून गेल्यावरच तो किनारा शांत होतो. उत्तरेला इतामाराका बेटावर १६३१ मध्ये डचांनी बांधायला घेतलेला ऑरेंज किल्ला आहे.

फेर्नांदो दे नोरोन्या हा द्वीपसमूह पर्नाम्बुको राज्याचाच भाग असला तरी रेसिफेपासून सुमारे ५४५ किलोमीटर समुद्रात आहे आणि तेथे जायला सव्वा तासाचे विमान लागते. २००१ पासून तो जागतिक वारसा आहे. बेटावर राहण्याच्या दिवसांनुसार वाढत जाणारा पर्यावरण कर भरावा लागतो आणि राष्ट्रीय उद्यानाचे तिकीट वेगळे असते; दोन्ही आधी ऑनलाइन भरले तर विमानतळावरची रांग वाचते. खर्च मोठा असल्याने पहिल्याच भेटीत तेथे जाण्याचा आग्रह धरू नये, परंतु गेल्यास किमान तीन रात्री ठेवाव्यात. बेटाचे घड्याळ रेसिफेच्या एक तास पुढे चालते आणि परतीच्या विमानाची वेळ बेटाच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते, तेव्हा उतरताच मनगटावरचे घड्याळ बदलून घ्यावे.